चौदावा रकाना

आक्काताईला कायम करायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी बाबासो कुरणेनं नगरपालिका संघात सतरा वर्षं टाइपरायटर बडवला. पगार म्हणाल तर पोटापुरता, मान म्हणाल तर तेवढाही नाही. कोर्टाच्या दारात छत्रीखाली बसून अर्ज टाइप करणारे त्याचे जुने सोबती त्याच्याहून बरं कमवायचे आणि त्याला विचारायचे, बाबा रे, तिथं काय गाडून ठेवलंयस? बाबासो हसून विषय बदलायचा. त्याची बहीण एका नगरपालिकेत रोजंदारीवर रस्ते लोटत होती. तिला कायम करणं तिथल्या मुख्याधिकाऱ्याच्या हातात नव्हतं, नगराध्यक्षाच्या हातात तर त्याहून नव्हतं. ते मुंबईला ठरायचं. आणि मुंबईला छोट्या नगरपालिकांच्या वतीनं बोलणारा कोण, तर संघ. म्हणून तो संघाला चिकटून राहिला. विचार अगदी सरळ होता, आणि त्यात त्याची काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

आक्काताई त्याच्याहून चौदा वर्षांनी थोरली. गाव कोल्हापुरापासून तासाभरावर, नदीकाठचं. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगून तिथल्या कुणाचं भलं व्हायचं राहिलेलं नाही. आई बाबासोच्या बाळंतपणातच गेली. बाप ज्ञानू कुरणे गावकीचा माणूस. गावकी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावाची कामं करायची, मेलेली जनावरं ओढायची, सांगावे पोचवायचे, बदल्यात कुणी देईल ते पदरात घ्यायचं, आणि नाही म्हणायची सोय नाही. छप्पन्न साली दिवाळीनंतर वस्तीनं धम्म घेतला, त्या दिवशी ज्ञानूनं जनावरं ओढायची दोरी अंगणात आणून जाळली. वर्षानुवर्षं चरबी मुरलेली दोरी ती, धड पेटेना, नुसता धूर. आक्काताई तेव्हा आठ वर्षांची होती. बाप धुरातून म्हणाला ते तिला शब्दन्‌शब्द पाठ होतं: "गावकी संपली. आता ह्या घरातलं कुणी गावाचं फुकट काम करायचं न्हाय."

दहा वर्षांनी ज्ञानू गेला. चार वर्षांचं पोर आक्काताईच्या गळ्यात पडलं. तिचं लग्न वस्तीतच झालं, एक मुलगी झाली, क्रांती, आणि नवरा साखर कारखान्यात बॉयलरजवळ जखमी होऊन सत्त्याहत्तर साली वारला. दोन वर्षं तिनं मिळेल त्याच्या शेतात भांगलण केली. मग नगरपालिकेत रोजंदारीवर बायका घेतायत असं कळलं आणि तिनं खराटा धरला.

वस्तीतली जुनी माणसं खवळली. ज्ञानूनं दोरी जाळली आणि त्याची पोरगी झाडू घेती, हे काय? एक म्हातारा तर दारात येऊन बोलला. आक्काताईनं त्याला बसायला पोतं टाकलं आणि सांगितलं, "ही गावकी न्हवं, तात्या. नोकरी हाय. हजेरी लागती, अंगठा घेत न्हाईत, सही करतो मी." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, करतो, जातो. म्हाताऱ्यानं विचारलं, कायम हाईस व्हय? ती म्हणाली, हुईन की.

ते 'हुईन की' अठ्ठावीस वर्षं चाललं.

रोजंदारीचा एक कायदा असा की एकोणनव्वद दिवस काम द्यायचं, मग एक दिवस तूट, मग पुन्हा नवा माणूस म्हणून नाव लावायचं. सलग दिवस भरू दिले तर माणूस हक्क सांगेल, ही भीती. आक्काताई तुटीच्या दिवशीही खराटा घेऊन जायची. मुकादम ओरडायचा, आज तुझी हजेरी नाही, घरी जा. पण एक दिवस रस्ता तसाच राहिला की दुसऱ्या दिवशी दुप्पट घाण उपसावी लागायची, शिवाय त्या गल्लीतल्या बायका तिच्याच नावानं हाका मारायच्या. वर्षाचे ते चार दिवस फुकटचे जायचे. तिला ते कळत होतं, पण ती ते कुणाला बोलली नाही. याच कमाईतून तिनं भावाला मॅट्रिक केलं, कोल्हापुरात मंगळवार पेठेत खोली घेऊन दिली आणि टायपिंगच्या क्लासात घातलं. इंग्रजी चाळीस, मराठी तीस. सर्टिफिकेट आलं तेव्हा तिनं ते गल्लीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवलं, खराटा दाराबाहेर ठेवून.

नव्वद साली संघ निघाला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या तेवीस नगरपालिका एकत्र आल्या. सुटी नगरपालिका मुंबईला गेली तर तिला कुणी खुर्ची देत नाही, तेवीस मिळून गेल्या तर निदान चहा मिळतो, हे त्यामागचं तत्त्वज्ञान. अध्यक्ष विजयसिंह; कधीकाळचे नगराध्यक्ष, गडमुडशिंगीजवळ मळा, गोठ्यात तीस म्हशी, आवाज असा की माइक नको. सचिव बाळासो माणगावे; निवृत्त मुख्याधिकारी, कडक, निर्व्यसनी, पै इकडची तिकडे न करणारा माणूस. कचेरी मंगळवार पेठेतच, एका भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर. पेठेच्या फुटबॉल टीमनं मॅच जिंकली की रस्त्यावर एवढा दंगा व्हायचा की माणगावे साहेब मजकूर सांगायचे थांबायचे आणि बाबासो टाइपरायटरवर हात ठेवून वाट बघायचा.

संघाला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यानं कामं केली. दोन गावांच्या पाणी योजना वर्षानुवर्षं अडकल्या होत्या, त्या विजयसिंहांनी मुंबईला चार खेपा घालून सोडवून आणल्या. शिष्टमंडळ जाताना बरोबर गुळाच्या ढेपा आणि एक फेटा असायचाच. वरचे लोक काही नवा जाच काढायचे, तो संघ निवेदनं देऊन निम्मा करून आणायचा. त्या निवेदनांतलं प्रत्येक अक्षर बाबासोच्या बोटांतून गेलेलं असायचं.

पण संघाची काम करायची एक रीत होती, आणि पुढचं सगळं त्या रीतीनंच घडलं. छोट्या नगरपालिकांतल्या कारकुनांना मसुदा करता यायचा नाही, किंवा करायचा नसायचा. म्हणून संघ त्यांना नमुना पाठवायचा. अमुक विषयावर असा ठराव करा, तमुक पत्राला असं उत्तर द्या. नावाच्या जागी टिंबं. तेवढी भरायची, सही करायची, पाठवायचं. कारकून मंडळी नमुना इतक्या भक्तीनं उतरवायची की एका नगरपालिकेनं 'दोन प्रती काढणे' ही माणगावे साहेबांनी कोपऱ्यात लिहिलेली सूचनासुद्धा सर्वानुमते मंजूर केली होती. दुसऱ्या एकीनं टिंबंच मंजूर करून पाठवली. माणगावे साहेब अशा कागदांवर मनापासून हसायचे. बाबासोही हसायचा.

एक्क्याण्णवच्या अधिवेशनात बाबासोनं साहेबांना विनवून एक ठराव घालून घेतला. नगरपालिकांतल्या रोजंदारी सफाई कामगारांना सेवेत कायम करावं. क्रमांक अकरा. त्याचा क्रमांक नेहमी अकराच राहिला, कारण त्याच्या आधीचे दहा ठराव नगरपालिकांच्या जिव्हाळ्याचे असायचे. अकराव्या ठरावापर्यंत रश्श्याचा वास मंडपात पोचलेला असायचा, आणि वाचणारा 'रोजंदारी' म्हणेपर्यंत सगळे मंजूर मंजूर म्हणत उठायचे. तरी मंजूर व्हायचा, छापून यायचा, मुंबईला जायचा. बाबासो छापील अहवालाची एक प्रत आक्काताईला नेऊन द्यायचा. ती चष्मा लावून, बोट ठेवून ठराव अकरा वाचायची आणि अहवाल ट्रंकेत ठेवायची. अशी आठ वर्षं, आठ अहवाल. दरवर्षी ती एवढंच विचारायची की अजून किती वर्षं लागतील, आणि तो म्हणायचा, आता लांब न्हाय आक्का.

नव्व्याण्णव साली नगरपालिकांची जकात बंद झाली. तेवीसही गावांच्या पायाखालची जमीन सरकली. नाक्यावर रोज येणारा पैसा थांबला, आणि आता सगळं मुंबईहून येणाऱ्या अनुदानावर. ते कुणाला किती, हे ठरवायला वरून एक तक्ता आला. प्रत्येक नगरपालिकेनं भरायचे तेवीस रकाने. आठ दिवसांत सगळ्यांची माहिती एकत्र करून संघानं द्यावी. विजयसिंह आणि माणगावे साहेब तेव्हा मुंबईतच होते. साहेबांनी तिकडून फोन करून सांगितलं की मी येईपर्यंत थांबू नकोस, एक नमुना भर आणि आजच्या आज तेवीस ठिकाणी पाठव.

बाबासोनं 'आदर्श नगरपालिका' असं एक कल्पनेतलं गाव घेतलं आणि रकाने भरत गेला. लोकसंख्या, रस्त्यांची लांबी, नळ किती, दिवे किती. चौदाव्या रकान्याशी त्याचा हात थांबला. 'रोजंदारीवरील कर्मचारी, असल्यास संख्या.' रकाना मोकळा सोडायचा नाही, ही माणगावे साहेबांची पहिली शिकवण. मोकळ्या रकान्याचा कागद वरून परत येतो. काहीतरी लिहायला हवं. चाळीस लिहावं, तर तेवीसही कारकून डोळे मिटून चाळीस लिहितील, आणि आक्काताईसारख्यांची खरी संख्या कधीच वर जाणार नाही. त्यानं बराच विचार केला. मग त्यानं तिथं 'निरंक' टाइप केलं. निरंक म्हणजे काही नाही, कुणी नाही. त्याला वाटलं, हे तरी कुणी उतरवणार नाही. प्रत्येक कारकुनाच्या खिडकीखाली रोज सकाळी दहा-वीस बाया खराटे घेऊन हजेरीला उभ्या असतात; त्यांच्याकडे बघून तरी तो आकडा घालेल.

सहा दिवसांत तेवीस तक्ते आले. लोकसंख्या वेगळी होती, नळ वेगळे होते, दिवे वेगळे होते. चौदावा रकाना सगळ्यांचा एकच होता. पहिले दोन-तीन बघून बाबासो सवयीनं हसला. सतरावा तक्ता त्याच्या स्वतःच्या गावचा निघाला. खाली ज्या कारकुनाची सही होती त्याच्या कचेरीपुढचं अंगण आक्काताई रोज लोटायची. चौदाव्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'निरंक' लिहिलं होतं आणि खाली रेघ मारली होती. बाबासो तो कागद हातात धरून बसून राहिला.

साहेब आले त्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं. माणगावे साहेब आधी भडकले, सगळे तक्ते परत पाठव म्हणाले. मग त्यांनी विजयसिंहांना फोन लावला. तिकडून जे बोलणं झालं ते बाबासोला साहेबांच्या तोंडूनच कळलं. रोजंदारीची माणसं मंजूर पदांवर नाहीत. ती दाखवली तर नगरपालिकांचा नोकरांवरचा खर्च फुगलेला दिसणार आणि अनुदानाला कात्री लागणार. तेव्हा झालं ते बरंच झालं, असं विजयसिंहांचं म्हणणं होतं. अनुदान एकदा हातात पडलं की अकरावा ठराव आपण पहिला घेऊ, असंही त्यांनी सांगितलं होतं. तात्पुरतं आहे, एवढं म्हणून माणगावे साहेबांनी सही केली.

इथं बाबासोनं तोंड उघडायला हवं होतं. मला त्याचा राग येतो तो इथं. चूक झाली ती माफ. तशी चूक विचार करणाऱ्या माणसाचीच होते. पण समोर कागद होता, पेन होतं, साहेब सज्जन होते, आणि तो 'व्हय साहेब' म्हणाला. एकत्रित तक्त्यात चौदाव्या रकान्याच्या तळाशी बेरीज लिहायची होती. तीही त्यानंच टाइप केली, निरंक.

अनुदान आलं, अपेक्षेपेक्षा बरं आलं. विजयसिंहांची गावोगाव मिरवणूक निघाली. संघाचा एवढा मोठा विजय पुन्हा झाला नाही. बाबासोलाही शाल-नारळ मिळाला, आणि त्यानं ती शाल आक्काताईला नेऊन दिली.

त्या वर्षीच्या अधिवेशनात मात्र ठराव अकरा आलाच नाही. कसा येणार? जी माणसं नाहीत असं संघानं सही-शिक्क्यानिशी कळवलं होतं, त्यांना कायम करा असं संघ कोणत्या तोंडानं म्हणणार? साहेब म्हणाले, पुढल्या वर्षी बघू. छापील अहवाल दहा ठरावांवर संपला. आक्काताई वाट बघत असणार, हे बाबासोला माहीत होतं. त्यानं एक पान टाइप केलं, जुन्या अहवालातला ठराव अकरा जसाच्या तसा उतरवला, छापल्यासारखं दिसावं म्हणून झेरॉक्स काढली आणि एका प्रतीत शिवून घातलं. ती प्रत तिला दिली. तिनं बोट ठेवून वाचली, ट्रंकेत ठेवली. पुढल्या वर्षी त्यानं तेच केलं, आणि त्याच्याही पुढल्या. तेवीस गावांच्या वतीनं बोलणाऱ्या संघाचा टंकलेखक दरवर्षी एका बाईसाठी एक ठराव मंजूर करत राहिला.

दोन हजार चार साली ज्याची एवढी वर्षं वाट बघितली ते आलं. ठरावीक तारखेआधी लागलेल्या रोजंदारी माणसांना सामावून घेण्याचं मुंबईत चाललंय, अशी बातमी पेपरात छापून आली. गावात आक्काताईच्या जोडीच्या चिमणाबाईनं चौकात साखर वाटली. आक्काताईचं वय छप्पन्न. साठीला निवृत्ती, म्हणजे चार वर्षं तरी कायम म्हणून जगायला मिळणार होती. तिनं भावाला पेठेतल्या एसटीडीवाल्याकडे निरोप ठेवला. तुझ्या ठरावाला फळ आलं म्हणून सांगा, असा.

महिन्याभरानं संघात पत्र आलं. टपाल बाबासोच फोडायचा. संघानं पूर्वी सादर केलेल्या एकत्रित माहितीनुसार सभासद नगरपालिकांत रोजंदारीवर कुणीही नसल्यानं त्यांच्याबाबत प्रश्न उद्भवत नाही, असं त्यात होतं. चार ओळींचं पत्र. सोबत जुन्या तक्त्याची प्रत, चौदाव्या रकान्याखाली निळ्या पेन्सिलीची रेघ. त्यानं ते आवक नोंदवहीत चढवलं, नंबर घातला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

या वेळी मात्र तो बोलला. दुरुस्तीचं निवेदन देऊ, माझ्या हातून चुकलं असं लिहा, माझं नाव घाला, म्हणाला. माणगावे साहेब तोवर थकले होते. ते म्हणाले की दुरुस्ती दिली तर पाच वर्षांचं अनुदान खोट्या माहितीवर घेतलं असं होईल, तेवीस मुख्याधिकाऱ्यांच्या चौकशा लागतील. बाबासो गडमुडशिंगीला मळ्यावर गेला. विजयसिंहांनी त्याला खुर्ची दिली, ताक पाजलं, सगळं ऐकून घेतलं. विजयसिंह दुष्ट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाबासो, तुझ्या भनीचं मला वाईट वाटतंय. पण संघ पालिकांचा हाय. झाडणाऱ्यांचा न्हवं." मग त्यांनी त्याला मळ्यातल्या भाजीची पिशवी बांधून दिली, आणि ती घेऊन तो एसटीनं परत आला.

एका वकिलानं सांगितलं, जुने हजेरीपट काढा. त्यात दर एकोणनव्वद दिवसांनी का असेना, नाव आहे. त्याच्यावर कोर्टात उभं राहता येईल. बाबासोनं गावात अर्ज टाकला, चकरा घातल्या, नक्कल देतो म्हणून कबूल करून घेतलं. आणि दोन हजार पाचच्या जुलैत नदी गावात शिरली. नगरपालिकेच्या तळमजल्यावर पुरुषभर पाणी सहा दिवस होतं. पाणी ओसरल्यावर दप्तरखान्याची खोली साफ करायला सफाईच्या बायकांनाच लावलं. आक्काताईनं पाट्या भरभरून चिखल बाहेर ओढला. त्यात कागदांचा लगदा होता, पुठ्ठ्याच्या बांधण्या होत्या, कुठं कुठं निळी रेघ दिसायची. ते काय आहे हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तिनं पाटी उकिरड्यावर ओतली आणि पुढची भरायला वळली.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये सफाईचं काम ठेकेदाराला गेलं. त्याला तरणी माणसं हवी होती. पन्नाशीपुढच्या बायकांना मुकादमानं सांगितलं की एक तारखेपासून येऊ नका. आक्काताईनं संध्याकाळी खराटा धुतला. क्रांती पेठ वडगावला नांदत होती. तिनं मामाला फोन करून सांगितलं की आई काही बोलत नाही, तू जाऊन ये.

बाबासो रविवारी सकाळी गेला. आक्काताई दारात बसली होती, तीच शाल खांद्यावर. त्याला बघून तिनं सरकून जागा केली आणि विचारलं की गेल्या वर्षीचा अहवाल आणलास का. ठेकेदार आला तरी मुंबईचं ठरलं की आपल्याला परत घ्यावंच लागंल, असं तिला चिमणाबाईनं सांगितलं होतं. बाबासोनं पिशवीतून अहवाल काढला. त्यात पान शिवलेलं होतंच. सवयीनं शिवलं होतं. तो हातात देववेना. मग त्यानं सांगितलं. तक्ता, नमुना, तेवीस गावं, पत्र, मळा, शिवलेली पानं, सगळं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता. रस्ता दोन दिवस लोटलेला नव्हता.

"काय लिवलं हुतंस त्या रकान्यात?" तिनं विचारलं.

"निरंक."

"मंजी?"

"मंजी कुणी न्हाय."

शेजारच्या घरात रेडिओ चालू होता. तो तिच्या पाया पडायला वाकला तेव्हा तिनं त्याचा दंड धरून त्याला बसवलं. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"हजेरी न्हाय, नाव न्हाय," ती म्हणाली. "मग ती गावकीच की रं. अठ्ठावीस वरसं मी गावकीच केलो."

बाबासो रडायला लागला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दारात, दिवसाढवळ्या. तिनं त्याला रडू दिलं आणि आत जाऊन ट्रंक उघडली. सगळे अहवाल आणून त्यानं आणलेल्या नव्या अहवालाबरोबर त्याच्यापुढं ठेवले आणि विचारलं, ह्यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं? त्यानं डोळे पुसत ते वेगळे केले. एक्क्याण्णव ते अठ्ठ्याण्णव एकीकडे, नव्व्याण्णवपासूनचे दुसरीकडे. आठ आणि आठ. तिनं दोन्ही थप्प्यांतला एकेक अहवाल काढून शेजारी शेजारी धरला, बोट ठेवून दोन्हीकडचा ठराव अकरा वाचला. शब्द तेच होते. तिला फरक सापडला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो कधी सापडला नाही. मग तिनं दोन्ही थप्प्या पुन्हा एकत्र केल्या.

"च्या ठेवतो तुला," असं म्हणून ती उठली. रॉकेल संपलं होतं म्हणून तिनं चूल पेटवायला घेतली, आणि काटक्या ओल्या होत्या म्हणून वरच्या अहवालाची पानं फाडून खाली घातली. कागद कोरडा, लगेच पेटला. बापाच्या दोरीसारखा धूर झाला नाही. चहा होईपर्यंत चार अहवाल जळले. तिनं त्याला कपभर चहा दिला, तो त्यानं भिंतीला टेकून प्यायला, आणि दुपारच्या एसटीनं तो कोल्हापूरला परत गेला, कारण सोमवारी संघाच्या सभेची नोटीस टाइप करायची होती.